तुम्ही विचारलंत म्हणून : थंडीत कालवा बंद करतात, तेव्हा तुम्ही गप्प कसे बसता?

आम्ही इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या नॅरोबोटीत, म्हणजे अरुंद, लांबट बोटीत, राहतो, हे कळल्यापासून पुण्या-मुंबईचे आप्त दर नोव्हेंबरमध्ये हा प्रश्न विचारतात. तुम्ही परवान्याचे पैसे भरता आणि थंडी आली की तुमची वाट अडवतात. मग तुम्ही बोटवाले भांडत कसे नाही? फोनवर याचे उत्तर अर्धवटच राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे कालवा म्हटला की शेतीचे आवर्तन आठवते. येथील कालवे मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोळसा आणि इतर माल वाहण्यासाठी खोदले गेले. त्यांतले पाणी जवळजवळ स्थिर असते आणि चढ-उतार आला की बोट लॉकमधून, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदातून, वर चढवावी किंवा खाली उतरवावी लागते. इंग्लंड आणि वेल्समधील असे सुमारे २,००० मैल जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. लॉकचे दरवाजे ओक लाकडाचे, काही टन वजनाचे आणि साधारण वीस-पंचवीस वर्षे टिकणारे असतात. प्रत्येक लॉकचे माप थोडे वेगळे असल्यामुळे ते ब्रॅडली आणि स्टॅन्ली फेरी येथील कर्मशाळांत मापाबरहुकूम घडवले जातात. ते बसवायचे तर लॉकच्या दोन्ही बाजूंना फळ्या टाकून पाणी अडवावे लागते, अडकलेले मासे पकडून दुसरीकडे सोडावे लागतात, आतले पाणी उपसावे लागते आणि मग क्रेन आणावी लागते. ही कामे नोव्हेंबर ते मार्च या काळात करतात, कारण तेव्हा वर्दळ कमी असते. या कारणासाठी कालवा बंद ठेवला तर आमची तक्रार नसते. काठावरून कोरड्या लॉकच्या तळाची दोनशे वर्षांपूर्वीची वीटबांधणी पाहायला तर आम्ही मुद्दाम चालत जातो.

मुंबईकरांना हे मेगाब्लॉकच्या उदाहरणाने लगेच कळेल. ब्लॉक घेतला म्हणून कोणी फारसे चिडत नाही. पण पर्यायी मार्गही त्याच वेळी बंद असला की माणसे फलाटावर अडकतात. आमच्या बाजूला बर्मिंगहॅमकडे जाण्यासाठी ग्रँड युनियन कालव्यावरील हॅटनची २१ लॉक चढावी लागतात. ती बंद असतील तर ब्रॉन्स्टनहून उत्तर ऑक्सफर्ड आणि कॉव्हेंट्री कालव्यांवरून वळसा घालता येतो. त्या वाटेवर हिलमॉर्टनला लॉक जोडीने बांधलेली आहेत, त्यामुळे एकाची दुरुस्ती चालू असतानाही दुसऱ्यातून ये-जा चालू राहू शकते. पण अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणूनच ट्रस्टकडून थंडीतल्या कामांच्या यादीचा मसुदा येतो, तेव्हा अनुभवी बोटवाले एकेका लॉकच्या तारखेपेक्षा नकाशाकडे आधी पाहतात, आणि कोणत्या दोन बंदींमध्ये आपला मार्ग दोन्हीकडून तुटतो हे शोधून तसे लेखी कळवतात. भांडण म्हणायचे तर ते हेच.

या काळात वर्दळ कमी असते हे खरे. पण तेव्हा पाण्यावर कोण उरते, याचाही विचार व्हायला हवा. सहलीच्या बोटींचा हंगाम शरद ऋतूत आटोपतो आणि मागे मुख्यतः बोटीतच राहणारे उरतात. त्यांतही दोन वर्ग आहेत. ज्यांचा मरीनामध्ये, म्हणजे बोटींच्या तळावर, कायमचा धक्का (बोट बांधायची ठरलेली जागा) आहे, त्यांना महिनाभर लॉक बंद असले तरी विशेष फरक पडत नाही. ज्यांना असा धक्का नाही, त्यांना १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. त्याच कलमात ‘परिस्थितीनुसार वाजवी असेल तितका अधिक काळ’ अशीही मुभा आहे, आणि बर्फ किंवा बंद लॉक हे तसे वाजवी कारण ठरते. काही जण थंडीपुरता सशुल्क धक्का घेतात. पण ज्याच्या मुलांची शाळा एका गावात आहे, त्याला मिळालेला धक्का दुसऱ्याच गावात असून कसे चालेल?

शिवाय बंद लॉक फक्त आम्हालाच अडवत नाही. कोळसा, डिझेल आणि गॅसच्या टाक्या घेऊन फिरणाऱ्या बोटी आमच्या दारापर्यंत येतात, त्याही पलीकडेच थांबतात. जानेवारीत शेगडी पेटती ठेवायची असेल, तर कोळशाची बोट कुठवर पोहोचू शकते हे आधी पाहावे लागते आणि मग आपण कुठे थांबायचे ते ठरते.

आमचा खरा आक्षेप दुसऱ्या प्रकारच्या कपातीला आहे. दुरुस्ती नसताना केवळ थंडी आहे म्हणून लॉकवरच्या कर्मचाऱ्यांचे तास किंवा ये-जा करण्याचे दिवस कमी करणे, ही ती कपात. फॉक्सटनला पाच-पाच लॉकचे दोन जिने आहेत आणि बोट तेथे ७५ फूट चढते. अशा ठिकाणी रखवालदार हवाच, आणि आधी वेळ ठरवून यावे ही अटही मला रास्त वाटते. पण जेथे ही सोय आणखी आखडते, तेथे बोटी येईनाशा होतात, आणि पुढच्या वर्षी त्याच कमी आकड्यांकडे बोट दाखवून आणखी कपात करणे सोपे जाते. कालव्यांनी हे एकदा भोगले आहे. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, माल रस्त्याने जाऊ लागला आणि अरुंद कालव्यांवरील मालवाहतुकीला, जी आधीच खिळखिळी झाली होती, तो धक्का जीवघेणा ठरला. बर्फ वितळल्यावर पाणी मोकळे झाले, पण गिऱ्हाईक परतले नाही.

पैसा कमी आहे, हे आम्हालाही कळते. सरकारी अनुदान २०२७ पासून टप्प्याटप्प्याने घटणार आहे, आणि कायमचा धक्का नसलेल्या बोटींना २०२४ पासून परवान्यावर अधिभार भरावा लागतो. त्यामुळे ‘सगळे वर्षभर उघडे ठेवा’ ही काहींची मागणी मला पोरकट वाटते. दरवाजे वेळेवर बदलायला हवेत, आणि त्यासाठी बंदी सोसायची आमची तयारी आहे.

म्हणून आम्ही आता यादीच्या मसुद्यावर बहुतेक एकच सूचना पाठवतो : काम कितीही लांबले तरी चालेल, पण बंद लॉकच्या दोन्ही अंगांना पाण्याचा नळ आणि बोट वळवण्याइतकी रुंद जागा राहील, अशा बेताने तारखा लावाव्यात. सत्तर फुटी नॅरोबोट कुठेही वळत नाही, आणि मागे-मागे नेत ती मैलभर हाकण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.