आधी पास्कलच का?

बडोद्यात दांडिया बाजारात माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शिकायला येणारी बरीचशी मुलं कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, पहिल्या वर्षाला असतात. त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘काका, पुढे सी भाषा लागते, नोकरीला पायथन विचारतात, मग सुरुवात पास्कलने का?’ काल जिन्यात तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

पास्कल विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीच घडवलेली भाषा आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या निक्लाउस वीर्त यांनी ती १९७० मध्ये मांडली. प्रोग्रॅम शिस्तीत रचायची सवय लागावी, हा त्यांचा हेतू भाषेच्या बारीकसारीक नियमांतही दिसतो.

समजा, गुण बरोबर ३५ आहेत का ते तपासायचंय. सीमध्ये तुलनेला = हे चिन्ह दोनदा लिहायचं असतं. घाईत एकदाच लिहिलं, तर विचारणं राहतं बाजूला आणि सगळ्यांच्या गुणांत ३५ भरले जातात. कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, फार तर इशारा देतो. मुलगी बिचारी रात्री उशिरापर्यंत आपलं गणित तपासत बसते, आणि गणित तर बरोबरच असतं! पास्कलमध्ये किंमत भरायला := आणि तुलनेला =. अटीत := टाकलं की प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

भागाकाराचंही तसंच. सीमध्ये ७/२ चं उत्तर ३ येतं. पास्कलमध्ये ३.५ येतं, पूर्णांक हवा असेल तर ‘डिव्ह’ लिहायचं. आपल्याला काय हवंय, ते मुलाला आधी ठरवावं लागतं.

मला सर्वांत आवडते ती मर्यादा घालायची सोय. ‘गुण ०..१००’ असं एकदा जाहीर करायचं. रेंजची तपासणी चालू ठेवली, की हिशेबात १०५ आले तर प्रोग्रॅम तिथंच थांबतो. साठ जणांच्या यादीत म्हणजे अ‍ॅरेत एकसष्टावा मागितला तरी थांबतो. सी मात्र शेजारच्या मेमरीत जे असेल ते उचलून देऊ शकतं.

पायथन यातल्या काही चुका पकडतं, हे खरं. पण तिथं ‘गुण’ नावाच्या खणात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, आत्ता आकडा आणि पुढच्या ओळीत मुलाचं नाव भरलं तरी चालतं. ती चूक पुढे कुठंतरी बेरीज करताना उघडी पडते. जाणत्याला ही मोकळीक सोयीची. नवख्या मुलाला मी ती इतक्या लवकर देणार नाही.

पास्कलमध्येच राहा, असं मी कुणाला सांगत नाही. मूळ पास्कलमध्ये अ‍ॅरेची लांबी त्याच्या प्रकाराचाच भाग होती, त्यामुळे साठच्या वर्गासाठी लिहिलेलं फंक्शन सत्तरच्या वर्गाला चालत नसे. पुढे त्यावर उपाय निघाले. माझी मुलंही पाया झाला की सीकडे वळतात.

फ्री पास्कल हा पास्कलचा कंपायलर फुकट मिळतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. चिरंजीवांना पाठवा. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून वर्गाचं निकालपत्रक करून घेतो.