घूं करणारा ॲम्प आणि त्याच्या जागी आलेला

आमच्या घरातला ॲम्प्लिफायर काकांनी आणलेला. काका बोटीवर होते, ऐंशीच्या दशकात कधीतरी सुट्टीवर येताना सिंगापूरहून घेऊन आले. जपानी, चंदेरी तोंडाचा, ॲल्युमिनियमची जाडजूड बटणं आणि मागे ११० पासून २४० व्होल्टपर्यंत फिरवायचा स्विच. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यात ज्यांच्या घरचं कुणी बोटीवर किंवा गल्फमध्ये होतं, त्यांच्या वसरीवर अशी एखादी वस्तू हमखास दिसायची. वर विणलेला रुमाल घातलेली.

गेल्या पावसाळ्यात हा घूं करायला लागला. आपली वीज ५० हर्ट्झची. ॲम्पच्या आत या मागे-पुढे हलणाऱ्या विजेची (एसी) एकसारखी वीज (डीसी) करताना ५० चे १०० होतात, आणि ती लाट गाळून सपाट करणारे मोठे कपॅसिटर म्हातारे झाले की उरलेली १०० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. १०० हर्ट्झ म्हणजे पेटीवर पांढरी पाचच्या किंचित वर. आता काळी एकमध्ये गाणारा गायक लावा. त्याचा पंचम काळी चारवर, खाली मंद्रात तो १०४ च्या जवळपास. म्हणजे तानपुऱ्याच्या पंचमाला चिकटून दुसरा एक उतरलेला पंचम अखंड चालू. दुसऱ्या कुणाला तो पंख्याचा आवाज वाटला असता. मला बाबांनी लहानपणापासून तानपुरा जुळवायला बसवलेलं, मला वाटेना.

फोंड्याच्या बाजारात एक रिपेअरवाले आहेत, मिक्सरपासून टीव्हीपर्यंत सगळं बघतात. त्यांनी कपॅसिटर बदलले, घूं गेलं. मग डावा स्पीकर हळू आवाजात गप्प बसायचा आणि व्हॉल्यूम वाढवला की दचकून जागा व्हायचा. ते रिलेचं, म्हणजे आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचं दुखणं. स्पीकर जोडणाऱ्या रिलेच्या टोकांवर दमट हवेने काळा थर चढतो, त्यातून बारीक सिग्नल जात नाही, जोराचा गेला की वाट फुटते. त्यांनी झाकण काढून मला दाखवलं. कोऱ्या कागदाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून दोन टोकांमध्ये धरली आणि हळूच ओढली. कागदावर काजळासारखी रेघ आली. दोन-तीन पट्ट्यांनंतर कागद पांढरा निघायला लागला आणि डावा स्पीकर बोलू लागला.

त्यानंतर ऑक्टोबरच्या गडगडाटात तोच चॅनल कायमचा गेला. आत सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके नावाची एकसंध चिप होती, त्या काळच्या पुष्कळ जपानी ॲम्पमध्ये असायची. ती बनायची कधीच बंद झाली. बाजारात त्याच नंबरची छापलेली नक्कल मिळते, ती थोडे दिवस चालते आणि जाताना सोबत आणखी काहीतरी घेऊन जाते. रिपेअरवाले म्हणाले, "ओरिजिनल मेळना आता, मॅडम. डुप्लिकेट घालीन, पण तुमचे स्पीकर गेले तर मला विचारू नका." असं तोंडावर सांगणारा माणूस मिळणं कठीण. मी ॲम्प घरी आणला आणि नवीन शोधायला लागले.

गोव्यात ॲम्प्लिफायर विकत मिळत नाही असं नाही. मिळतो, पण जत्रेसाठी, लग्नासाठी, तियात्रासाठी आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांसाठी. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "किती बॉक्स चालवायचे?" दोन, तेसुद्धा पुस्तकाच्या कपाटावर मावतील एवढे, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्या मांडवातल्या (पीए) ॲम्पना मागे पंखा असतो, हजार माणसांच्या मांडवात तो कुणाला ऐकू येत नाही. माझ्या खोलीत विलंबित ख्याल चालू असताना येईल. दुसरी वाट सेकंड हँडची. हणजुणे-हरमल बाजूला वर्षानुवर्षं राहिलेले परदेशी लोक सामान विकून जातात, त्यात कधी चांगल्या वस्तू निघतात. युरोपातून आलेलं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर सरळ चालतं. अमेरिकेतलं १२० चं आणि जपानच्या देशी बाजारातलं १०० चं असतं, त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. पण किनाऱ्यावर दहा पावसाळे काढलेल्या ॲम्पच्या आत काय झालं असेल, ते मी नुकतंच कागदाच्या पट्टीवर बघितलं होतं. नवीनच घ्यायचा ठरवला. बजेट पन्नास हजार, फार तर दोन-चार वर.

नवऱ्याने विचारलं, "किती वॉटचा?" सगळे हेच विचारतात. मी कागदावर हिशोब मांडला. माझे स्पीकर आठ ओहमचे, एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबेल आवाज देतात. मी तीनेक मीटरवर बसते. अंतराने नऊएक डेसिबेल कमी होतात, खोलीच्या भिंती आणि दुसरा स्पीकर थोडे परत देतात. एका वॉटला कानापाशी ८०-८१ धरा. गाणं सरासरी ७५ वर ऐकते, त्याहून मोठं लावलं की सासूबाई आतून "बाय, शेजाऱ्यांनाय आवडता गो?" म्हणतात. डग्ग्याची थाप सरासरीच्या पंधरा डेसिबेल वर उडते असं धरलं तर ९० लागतात. ८० वरून ९० म्हणजे दहापट वीज. दहा वॉट.

बस, दहा. मग शंभर वॉटच्या गप्पा कशाला? कारण दोन. एक, आमचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर सिलिंग नाही, वासे आणि मंगळोरी कौलं, एका अंगाला राजांगण उघडं. फ्लॅटच्या स्लॅबखाली खालचे सूर घुमतात तसे इथे घुमत नाहीत, निघून जातात. दुसरं, पाऊस. जुलैत कौलांवर पाऊस लागला की फोनच्या मीटरवर नुसत्या खोलीचा आवाज साठच्या वर जातो, वर बेडूक. त्याच्यावरून गाणं ऐकायचं तर सहा-आठ डेसिबेल चढवावे लागतात, म्हणजे चार ते सहापट वीज. दहाचे साठ झाले. साठाचे एकशेवीस केले तर हाती येणार जेमतेम तीन डेसिबेल, व्हॉल्यूमचं बटण किंचित फिरवलं एवढंच. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांचा मोह माझा तिथेच संपला. चाळीस ते ऐंशी वॉटमध्ये जे काही असेल ते पुरे.

दिवाळीनंतर बंगळूरला मुलाकडे गेले तेव्हा तिथल्या एका शोरूममध्ये सोबतच्या पेनड्राइव्हवरून ऐकलं. विक्रेत्याने आधी एक लावला, मग महागडा. महागडा लगेच भरदार वाटला. मी मुलाला फोन समोर धरायला सांगितलं. महागडा दीड डेसिबेल मोठा वाजत होता. कानाची ही जुनी खोड आहे, किंचित मोठं ते त्याला 'चांगलं' वाटतं, 'मोठं' वाटत नाही. दोघांचा आवाज बरोबरीला आणून पुन्हा ऐकलं. तानपुऱ्याची जवारी दोन्हीकडे तशीच खुलत होती, डग्ग्याची मींड तशीच. विक्रेता "मॅम, साउंडस्टेज बघा" म्हणत राहिला. मी डोळे मिटून मुलाला अदलाबदल करायला लावली तर मला कुठला कुठला ते सांगता येईना. माझं मत तेव्हा पक्कं झालं ते असं: स्पीकर आणि खोली यांनी आवाजाचा चेहरा ठरतो. धडपणे बनवलेले, ताकदीत राहून चालवलेले ॲम्प एकमेकांपासून फार लांब नसतात. तेव्हा बटणं बघा, तारा खुपसायची भोकं बघा, दुरुस्ती कुठे होते ते बघा. ऑडिओवाल्या मंडळींना हे पटत नाही, चालेल.

बटणांचं सांगते. बाबांच्या तबकड्यांचं कपाट माझ्याकडे आहे. नाट्यसंगीत, भजनं, अभिषेकीबुवा, केसरबाई. त्यातलं निम्म्याहून अधिक मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडे एकच आवाज. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्याच १९५८ च्या सुमाराला, आपल्याकडे रुळायला त्याहून वेळ लागला. मोनो तबकडीतलं गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. बुरशी, चरे, धूळ यांची खरखर उभीही असते. स्टिरिओ सुईने वाजवून डावं-उजवं एकत्र केलं की ती उभी खरखर एकमेकीला खाऊन टाकते. गोव्याच्या दमट हवेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या तबकडीवर हा फरक कुणालाही ऐकू येईल. म्हणून काकांच्या ॲम्पवरचं 'मोनो' बटण मला सोन्याचं. आजच्या माझ्या बजेटमधल्या ॲम्पवर ते शोधून सापडेना. पुष्कळांवर बॅलन्सही नाही, काहींवर टोनची बटणं नाहीत, का तर शुद्धतेला बाधा येते. १९३० सालच्या ध्वनिमुद्रणाला कसली शुद्धता? त्याची सिसकारी ट्रेबल थोडं उतरवून कमी केली तरच ते ऐकण्याजोगं होतं.

आणि रात्रीचं ऐकणं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कानाला खालचे सूर इतरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात. सासूबाई झोपल्यावर लावलं की तबल्यातला डग्गा नाहीसा होतो, नुसता चाटीचा टणत्कार. त्यावर उपाय म्हणून लाउडनेस, हळू आवाजात खालचे सूर सावरणारं बटण.

मुलाचं म्हणणं विम ॲम्प घ्यावा. तळहाताहून थोडा मोठा डबा, क्लास डी, आठ ओहमला साठ वॉट, टीव्हीची एचडीएमआय, इंटरनेटवरची गाणी, सगळं फोनवरून. "आई, एवढं लोखंड कशाला?" क्लास डीवर माझा राग नाही. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते, तापत नाही, पैशाच्या मानाने ताकद भरपूर. पण त्याला फोनो इनपुट, म्हणजे तबकडीयंत्र सरळ जोडायची जागा नाही, तबकड्यांसाठी वेगळी डबी लावा. शिवाय ज्या वस्तूचं अर्धं डोकं ॲपमध्ये आहे, तिचं आयुष्य ॲपएवढं. इंटरनेटची गाणी मला बाहेरून लावायच्या छोट्या यंत्रावर चालतील, ते जुनं झालं की तेवढंच बदलेन. आणि तापण्याचं म्हणाल तर आमच्याकडे थोडं तापलेलं बरं. पावसात रोज तासभर चालणाऱ्या उबदार ॲम्पच्या आत दमट राहत नाही. पालींनाही ऊब आवडते, हे खरं. म्हणून तो कपाटात कोंडायचा नाही, वर हवा मोकळी ठेवायची आणि मागच्या फटीवर नजर.

शेवटच्या यादीत मॅरांट्झ पीएम ६००७, डेनॉन पीएमए-६००एनई आणि यामाहा ए-एस५०१ होते. पहिले दोन पंचेचाळीस वॉटचे, तिसरा पंच्याऐंशीचा. तिघांनाही फोनो इनपुट, टोन, बॅलन्स आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल. पंचेचाळीसने माझं भागलं असतं, पावसाळ्यात जरा ताणून. यामाहाकडे वळले ती वॉटपेक्षा त्याच्या लाउडनेससाठी. तो नुसता चालू-बंद स्विच नाही, फिरवायचं बटण आहे. आधी तुम्हाला जास्तीत जास्त जेवढं ऐकायचं तेवढा व्हॉल्यूम लावायचा आणि मग आवाज उतरवायचा तो या बटणाने. मधले सूर उतरतात, खालचे-वरचे मागे राहतात. रात्री दहाला डग्गा जागेवर.

यामाहा म्हटल्यावर नवऱ्याने "मोटरसायकल घेतेस?" हा विनोद केलाच, फोंड्यात आरएक्स १०० वर वाढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हती. त्याला सांगितलं की या तोराकुसू यामाहाने १८८७ मध्ये हामामात्सूच्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथून कंपनी सुरू झाली, खूणसुद्धा तीन ट्यूनिंग फोर्कची. ज्या जातीचा ऑर्गन आपल्या संगीत नाटकाच्या पिटात वाजायचा, त्याच जातीचा. त्यानंतर त्याने खर्चाबद्दल फारसं विचारलं नाही.

मोनोचा प्रश्न रिपेअरवाल्यांनी सोडवला. डाव्या-उजव्या दोन तारा एकत्र करून पुन्हा दोन करणारी केबल त्यांनी जोडून दिली, ती तबकडीयंत्र आणि ॲम्प यांच्यामध्ये बसते. मोनो तबकडी असली की ही, स्टिरिओ असली की साधी. दर वेळी मागे वाकावं लागतं, म्हणून ॲम्प भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलाय. वजन दहा किलोच्या आसपास, ओढायला नवरा. जुना ॲम्प मी त्यांनाच दिला, ट्रान्सफॉर्मर अजून ठणठणीत आहे म्हणाले, कुणाच्या तरी कामी येईल. पैसे घेतले नाहीत, त्यांनीही केबलचे घेतले नाहीत.

मेच्या गडगडाटाआधी सर्ज प्रोटेक्टर लावून घेतला आहे, तरी वीज चमकायला लागली की प्लग काढायचाच. टीव्हीची ऑप्टिकल केबल आणून ठेवली आहे पण जोडलेली नाही. चतुर्थीला मुलगा येईल तेव्हा त्याच्याकडून लावून घेणार. टीव्हीच्या मागचं ते वायरींचं जंगल त्यानेच करून ठेवलंय.