किल्ली फिरवल्यावरचा आवाज

गणेश चवथीला तीन दिवस राहिले होते तेव्हा बाई गाडी घेऊन आल्या. गोव्यातल्या साखळी गावात माझं गॅरेज आहे, आणि बाई म्हणजे माझ्या मराठी प्राथमिक शाळेतल्या बाई. तिसरीत त्यांनीच मला गणित शिकवलं. गाडी 1996 सालची मारुती 800, पहिल्यापासून त्यांच्याच घरातली. गॅरेजसमोर उभ्या राहिल्या तरी त्या उतरेनात. रेसवरचा पाय काढला की इंजिन बंद पडत होतं.

"पुता, चढावर थांबायचं झालं तर हॅण्डब्रेक ओढून रेस धरून बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "चवथीला केरीला घरी जायचंय. गणपतीवर बांधायच्या फळांच्या माटोळीचं सगळं सामान याच गाडीतून न्यायचंय. होईल ना?"

होईल म्हणालो. चवथीच्या तोंडावर बाईंना नाही म्हणायला मन तयार होत नव्हतं.

बॉनेट उघडलं तेव्हाच पेट्रोलचा वास आला. एअर क्लीनर काढून बघितलं तर इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या पंपाच्या डायफ्रामखाली ओल होती. हवेची झडप फिरवणारा थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवला तर भोकात खुळखुळत होता. बाई रेस धरून बसल्या होत्या. त्या दांड्याच्या टोकाला क्लीनरचा फवारा मारला तसा इंजिनाचा आवाज बदलला. दांड्याच्या फटीतून बाहेरची हवा आत जात होती. असा झिजलेला दांडा नवं किट टाकून सुधारत नाही, कारण झीज ॲल्युमिनियमच्या अंगातच असते. मी बाईंना सांगितलं, कार्बोरेटर बदलावा लागेल. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याने पाय काढला तरी गाडी चालू राहील ना?" मी हो म्हणालो. हे उत्तर मी घाईने दिलं.

या गाडीला आता नवा कार्बोरेटर सहज मिळत नाही. 1983 ला मारुती 800 रस्त्यावर आली, 2014 ला तिचं उत्पादन थांबलं, आणि शेवटची बरीच वर्षं ती कार्बोरेटरशिवायच, म्हणजे पेट्रोल फवारून देणाऱ्या इंजेक्शनवर निघत होती. चार दुकानांत फोन केल्यावर मडगावला एक मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्सल आलं.

नवा आहे म्हणून डोळे झाकून बसवू नये, हे मी माझ्या मेस्तकडून, म्हणजे उस्तादाकडून शिकलो. जुना आणि नवा बाकावर शेजारी ठेवले. चोकची पट्टी त्याच बाजूला आहे का, रेसची केबल तशीच अडकते का, पेट्रोल येणारी आणि टाकीकडे परत जाणारी नळी कुठली, व्हॅक्यूमचं तोंड कुठे, सगळं ताडून बघितलं. गाडीतल्या प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून खूण केली होती. इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडका कोंबला. तिथे एक वॉशर आत पडला तर सगळं इंजिन उघडायची पाळी येते. जुनं गॅस्केट दगडासारखं चिकटलं होतं, ते ब्लेडने हळूहळू खरवडलं. मधला काळा इन्सुलेटर इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत येऊ देत नाही, आणि तो वाकडा झाला असेल तर नवा कार्बोरेटरही हवा खातो. काचेवर ठेवून बघितला, सपाट होता. नट आवळताना एकदम एका बाजूचा पूर्ण आवळला नाही, आलटून पालटून थोडा थोडा आवळला.

पेट्रोलची नळी कापली तर आतलं रबर मऊ पडून सालपटं निघत होती. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्या काळच्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. एवढंसं सालपट येणारं पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली अडकलं की नवा कार्बोरेटरही ओव्हरफ्लो होतो. म्हणून नळ्या बदलल्या, फिल्टर बदलला. जुन्या गाडीच्या लोकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कार्बोरेटरला हात लावण्याआधी या नळ्या बघा.

दुपारी चारला चोक ओढून स्टार्टर मारला. दोनतीनदा फिरल्यावर तिन्ही सिलिंडर लागले. बाजूच्या गोल काचेत पेट्रोल बरोबर खुणेवर होतं. कुठे गळती नाही, वास नाही. इंजिन तापलं, चोक आत ढकलला, आणि गाडी बंद.

पुन्हा चालू केली. रेस धरली की छान चालते, सोडली की बंद. म्हणजे सकाळपर्यंत जे होत होतं तेच, नव्या कार्बोरेटरवर. आयडलिंगचा स्क्रू आत घेतला, मिक्स्चरचा बाहेर सोडला, गॅस्केटभोवती फवारा मारून बघितला. बाहेर पाऊस कोसळत होता. गॅरेजमधला पोरगा हातात टॉर्च धरून उभा होता. तासभर मी एकाच जागी फिरत राहिलो.

मग हात पुसले आणि बाजूला बसून विचार केला, रेसवर चालते आणि सोडल्यावर मरते, याचा अर्थ काय? रेस देतो तेव्हा झडप उघडते, हवा जोरात वाहते आणि मोठ्या जेटमधून पेट्रोल ओढून घेते. पाय काढला की झडप मिटते, तिथला ओढा संपतो. तेव्हा इंजिन जगतं ते एका वेगळ्या बारीक वाटेने येणाऱ्या पेट्रोलवर. त्या वाटेवर एक सोलेनॉइड असतो. किल्ली चालू केली की त्याला करंट मिळतो, त्याची सुई मागे सरकते आणि वाट उघडते. किल्ली बंद केली की सुई वाट अडवते, म्हणजे तापलेलं इंजिन किल्ली काढल्यावरही धडधडत राहत नाही. करंटच नसेल तर ती वाट कायमची बंद.

पोराला म्हटलं, स्टार्टर मारू नकोस, नुसती किल्ली फिरव. मी कान कार्बोरेटरजवळ नेला. "टक" असा आवाज यायला हवा होता. आला नाही.

वायरीला टेस्टर लावला, दिवा लागेना. वायर मागे मागे सोडवत गेलो. पत्र्याच्या भोकाजवळ, टेपच्या आत, तांबं हिरवं होऊन तुटलं होतं. बाहेरचं प्लास्टिक मात्र शाबूत. बाईंची गाडी वाळवंटीच्या काठच्या उघड्या मांडवात पावसाळे काढते. वीतभर नवीन वायर जोडली, किल्ली फिरवली. टक. स्टार्टर मारला, पाय काढला. इंजिन एकसारखं चालत राहिलं.

त्यानंतर जुन्या कार्बोरेटरचा सोलेनॉइड मी बॅटरीला लावून बघितला. तोही टक करून उघडला.

तो आवाज ऐकल्यावर मला बरं वाटलं नाही. दांडा झिजला होता, डायफ्राम गळत होता, हे खोटं नव्हतं. आज ना उद्या बदलावाच लागला असता. पण बाई ज्या तक्रारीसाठी आल्या होत्या तिचं कारण ती वीतभर वायर होती, आणि मी ती तपासली नव्हती. बसवलेला माल दुकान परत घेत नाही. मी काही बोललो नसतो तर कुणाला कळलंही नसतं.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा दोन्ही कार्बोरेटर आणि ती हिरवी वायर समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. जुनाच परत बसवतो आणि नव्याचे पैसे मी सोसतो, असंही म्हणालो. बाईंनी वायर हातात घेऊन चष्म्याखालून बघितली. झिजलेला दांडा स्वतः हलवून बघितला.

"उत्तर बरोबर आलंय," त्या म्हणाल्या, "पण तू रीत केली नाहीस." तिसरीत वहीवर तांबड्या शाईने हेच लिहायच्या. मग म्हणाल्या, "नवा राहू दे. जुना गळत होता तो धोकाच होता." मी बसवण्याची मजुरी घेतली नाही. त्यावर त्यांनी बराच वेळ वाद घातला.

सकाळी मिक्स्चर शांतपणे लावला. एक किलो शुद्ध पेट्रोलला जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्याला त्याहून कमी. इंजेक्शनची गाडी हे स्वतः जुळवून घेते, कार्बोरेटरला ते आपण द्यावं लागतं. म्हणून इंजिनाचा वेग जिथे जास्तीत जास्त मिळाला तिथे स्क्रू थोडा पेट्रोलच्या बाजूला ठेवला. मग बाईंना शेजारी बसवून केरीच्या पुढे चोर्ला घाटाची पहिली वळणं चढून आलो. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली तरी कुठे अडखळली नाही. वळणावर मुद्दाम थांबलो आणि पाय काढून घेतला. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या ऐकत होत्या.

दुपारी मागच्या सीटवर चिबूड, कांगलां, तोरिंजन आणि सुपारीचं शिपटं घालून त्या गेल्या.

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून परतताना त्या गॅरेजसमोर थांबल्या. या वेळी खाली उतरल्या, नेवऱ्यांचा डबा घेऊन आत आल्या, पोराला तो कुठल्या शाळेत होता ते विचारलं, माझ्या आईची चौकशी केली. पाच-सात मिनिटं झाली असतील. बाहेर रस्त्याच्या कडेला गाडी एकटीच चालू होती.