खताची बादली का नासते?

घरी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा उत्साह बहुतेकांचा पंधराव्या दिवशी मावळतो. बादली उघडली की नाकात दर्प, कडेला अळ्या, तळाशी काळं पाणी. मग दुकानातून कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, महागडी पुडी येते, तिनेही फरक पडत नाही, आणि बादली कचऱ्याच्या गाडीत रिकामी होते. दोष बहुधा कल्चरचा नसतो. बादलीत पाणी जास्त झालेलं असतं आणि सुका माल कमी.

भाज्यांच्या साली-देठांत ८० ते ९० टक्के पाणीच असतं. चौघांच्या घरात रोज अर्धा किलो ओला कचरा निघत असेल, तर आपण बादलीत रोज ४०० ग्रॅमहून जास्त पाणी ओततोय. ते पाणी फटी बुजवतं, हवा आत जात नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचा. नाक झोंबवणारा, अमोनियाचा वास असेल तर कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त आणि कर्ब (कार्बन) कमी झालाय. कर्बाचं नत्राशी प्रमाण २५-३० ला १ च्या आसपास हवं. भाज्यांच्या कचऱ्यात ते १५-२० असतं, वाळक्या पानांत ५० च्या वर. त्यामुळे वास कोणताही असो, पहिला इलाज तोच: सुका पाला घाला आणि हलवा.

बादली साधी, झाकणाची, २० लिटरची. रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन चालतो. बाजूंना तीन-तीन इंचांवर ५-६ मिलिमीटरची भोकं, तळाला चार-पाच. ड्रिल नसेल तर तापवलेला स्क्रूड्रायव्हर चालतो, पण हे काम गॅलरीत करा, प्लास्टिकचा धूर घरात नको. बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाशी तीन इंच पाला किंवा नारळाची पिंजलेली शेंडी.

रोजचा कचरा इंचभराच्या तुकड्यांत चिरून टाका आणि त्याच्याइतकाच, म्हणजे वाटीला वाटी, चुरलेला पाला वर घाला. कलिंगड, काकडी, दुधीच्या दिवशी दीडपट. पहिल्या दिवशी जुन्या खताची मूठ टाका. ती नसेल तर आंबट ताकाचा शिंपडा पुरे. तीन-चार दिवसांनी तळापासून खालवर करा. हे काम टाळलं की तळ हमखास नासतो.

ओलावा मुठीने कळतो. मूठभर माल घट्ट दाबला आणि बोटांतून पाणी ठिबकलं, तर पाला कमी पडलाय. मूठ उघडताच भुरभुरला, तर कोरडा आहे, पाणी शिंपडा. मुंग्या लागल्या तरी तो कोरडेपणाचाच निरोप. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाचीच आहे.

पाल्याऐवजी कोकोपीट, म्हणजे विटेसारखा दाबलेला नारळाचा भुसा, वापरता येतं, पण बरेच जण ती वीट आधी भिजवतात आणि मग तेच ओलं कोकोपीट बादलीत घालतात. पाणी शोषायला घालायची वस्तू पाण्याने भरूनच घातली तर ती शोषणार काय? वीट कोरडीच फोडा. खरं तर दारातला पाचोळा झाडून जाळायचा आणि नारळाचा भुसा विकत आणायचा, हा उद्योग मला पटत नाही. पानगळीच्या दिवसांत दोन-तीन पोती पाला भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात वाळकं पान मिळत नाही, आणि बादल्या नासतात त्याही तेव्हाच.

उरलेला भात-पोळी थोडी चालते, आमटी-रस्सा गाळून चोथा तेवढा घाला. मासे-मटणाची हाडं आणि दुधाचे पदार्थ एवढ्याशा बादलीत नकोत, उंदीर येतात. चहाचा चोथा धुऊन घ्या, साखरेवर चिलटं जमतात. निर्माल्यातला दोरा काढा. ‘विघटनशील’ छापलेल्या पिशव्याही नकोत. त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांना कारखान्यात खत करताना असते तेवढी उष्णता लागते, ती इथे तयार होत नाही.

पावसाळ्यात मळकट रंगाच्या जाड, वळवळत्या अळ्या दिसतात, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या (ब्लॅक सोल्जर फ्लाय). किळस येते हे मान्य, पण कचरा त्या झपाट्याने संपवतात. नकोच असतील तर वर दोन इंच कोरडा पाला पसरा. फिनेल किंवा कीटकनाशक मारलं की कुजवणारे जीवही मरतात. ताटलीत पाणी साचू लागलं, तर ते ‘द्रवरूप सोनं’ म्हणून मिरवू नका, आधी ओलावा तपासा. वास नसेल तर दहापट पाण्यात मिसळून झाडांना घाला.

बादली साधारण महिनाभरात भरते. मग ती झाकून ३० ते ४५ दिवस बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची, म्हणजे दोन-तीन बादल्या आळीपाळीने चालतात. आठवड्यातून एकदा हलवलं की पुरे. खत झालं का, हे पाहायला मूठभर ओलसर माल पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबट आला तर थांबा. कच्चं खत मुळांजवळ कुजत राहतं आणि मातीतलं नत्र स्वतःच ओढून घेतं, म्हणून पानं पिवळी पडतात. चाळून तीन भाग मातीला एक भाग घाला. चाळणीवर उरलेलं पुन्हा बादलीत.

एवढ्या लहान बादलीत बिया मरण्याइतकी उष्णता साठत नाही. तेव्हा कुंडीत टोमॅटो नाहीतर भोपळा आपोआप उगवला तर नवल नाही. नको असेल तर दोन पानांवर असतानाच उपटा आणि त्याच बादलीत टाका.