तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपात तीनच शहरं का?

प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट फिरून आल्यापासून हा प्रश्न मला सोसायटीत, ऑफिसात, लग्नाकार्यात सारखा विचारला जातो. "एवढा खर्च करून गेलात आणि तीनच शहरं? पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही?" काहींना आमच्याबद्दल हळहळ वाटते, काहींना पुढच्या उन्हाळ्यात स्वतःला आई-वडिलांना घेऊन जायचं असतं. या दुसऱ्या मंडळींसाठी सविस्तर लिहिते.

आम्ही सहा जण होतो. आम्ही दोघं, कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलगी, प्राथमिक शाळेतला मुलगा आणि माझे सासू-सासरे, म्हणजे आमचे आई आणि अण्णा. आईंचे गुडघे दुखतात. अर्धा तास चाललं की त्यांना बसावं लागतं, आणि त्या स्वतःहून कधीच "थांबा" म्हणत नाहीत. त्यामुळे नकाशा उघडण्याआधी मी एवढंच ठरवलं होतं की त्यांना झेपेल तेवढंच फिरायचं. पॅरिस आणि स्वित्झर्लंड तिथेच गळले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

टूर कंपन्यांबद्दल माझी तक्रार नाही. जेवणाची सोय, सोबतीला मराठी बोलणारा माणूस, व्हिसाची धावपळ दुसऱ्याच्या डोक्यावर, हे सगळं अनेक घरांना हवंच असतं. पण पहाटे बॅगा खोलीबाहेर, मग बस, मग पुढचा देश हे चक्र आईंना सोसलं नसतं. म्हणून आम्ही रेल्वेच्या एकाच वाटेवरची तीन शहरं निवडली. प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. स्टेशनं शहरातच आहेत, विमानतळासारखं दोन-तीन तास आधी जाऊन बसावं लागत नाही. चेकिया, ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे तिन्ही देश शेंगेन या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात असल्यामुळे व्हिसा एकच. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. आमच्या जास्त रात्री व्हिएन्नात होत्या, म्हणून आमचा अर्ज ऑस्ट्रियाकडे गेला. तीस हजार युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतोच. ज्येष्ठांसाठी तो घेताना आधीच्या आजारांचं कलम नीट वाचा, त्यात घाई करू नका.

अण्णांची सगळी नोकरी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये डबे दुरुस्त करण्यात गेली. रेलजेट गाडीत त्यांनी आधी सीटकडे पाहिलंच नाही, दोन डब्यांमधला जोड वाकून बघितला. गाडीचा कमाल वेग ताशी २३० किलोमीटर आहे हे त्यांनी घरूनच वाचून ठेवलं होतं. व्हिएन्ना सोडल्यावर हंगेरीच्या हद्दीपर्यंत शेतांत पवनचक्क्यांच्या रांगा लागतात. त्या नातवाला दाखवता दाखवता बोगीखालची चाकं, ब्रेक, सस्पेन्शन असा सगळा धडाच त्यांनी घेतला. बुडापेस्टच्या भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका १८९६ सालची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत जुनी. ती रस्त्याच्या जेमतेम खाली धावते. थोड्याशा पायऱ्या उतरलं की पांढऱ्या टाइल्सची भिंत, लोखंडी खांब आणि लहानशी पिवळी गाडी. आम्ही त्या मार्गिकेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. बघायच्या स्थळांच्या यादीत हे कुठेच नव्हतं. अण्णांना हवं होतं म्हणून केलं.

प्रागबद्दल थोडक्यात. शहर देखणं आहे, पण जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी, आणि ती गुडघ्यांची परीक्षा घेते. किल्ल्याला खालून चढून जाऊ नका. बावीस नंबरची ट्राम वरच्या बाजूला सोडते, तिथून सेंट व्हिटस कॅथीड्रल बघत सावकाश उतरता येतं. हे कॅथीड्रल १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं. जुन्या चौकात मनोऱ्यावर हलत्या मूर्तींचं १४१० सालचं घड्याळ आहे, त्याच्यासमोर दर तासाला गर्दी होते. सांगाड्याची मूर्ती दोरी ओढून घंटा वाजवते, खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. मुलाला ते इतकं आवडलं की पुढच्या तासासाठी तो तिथेच थांबला, आणि आम्ही थांबू दिलं.

व्हिएन्नाबद्दल मात्र मला मनापासून सांगायचं आहे. तिथल्या कला-इतिहास संग्रहालयात पीटर ब्रूगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची बारा चित्रं आहेत. त्याची एवढी चित्रं जगात दुसरीकडे कुठेही एकत्र नाहीत. एकोणीस वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि दालनांत टेकायला ऐसपैस सोफे आहेत. आईंना बसवायचं म्हणून आम्ही ब्रूगेलच्या दालनात थांबलो. समोर १५६० सालचं चित्र होतं. एक मोठा चौक आणि त्यात दोनशेहून जास्त मुलं खेळताहेत. आई आधी नुसत्या बघत राहिल्या. मग उठून जवळ गेल्या आणि डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट करून मुलीला म्हणाल्या, "अगं, या सागरगोटे खेळतायत बघ." खरंच होतं. दोघीजणी बसल्या आहेत आणि हाडांचे छोटे तुकडे उडवून झेलताहेत. मग दोघींनी चित्र इंचाइंचाने वाचलं. डोळ्यांवरून कापड ओढलेली आंधळी कोशिंबीर, भोवरे, काठीने पळवायची चाकं, वाकलेल्या पाठींवरून उड्या मारणारी पोरं. आई कोकणातल्या त्यांच्या अंगणात काय काय खेळायच्या ते सांगत गेल्या. यातलं निम्मं मीही पहिल्यांदाच ऐकत होते. सागरगोट्यांचा एक डाव त्यांनी तिथेच हवेत हात फिरवून दाखवला. पुढे बस थांबलेली असती तर हे घडलं नसतं. तीन शहरंच का, याचं माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

जेवणाचं खूप जण विचारतात. आम्ही स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने घेतली. भारतातून जाताना दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट आणि चिवडा आमच्याबरोबर होते. तूप नाही म्हटल्यावर आईंनी व्हिएन्नाच्या सुपरमार्केटमधून बिनमिठाचं लोणी आणायला सांगितलं आणि रात्री मंद आचेवर कढवलं. उतरल्यावर रवाळ तूप निघालं आणि तळाशी राहिलेली बेरी मुलाने साखर घालून संपवली. दुसऱ्या दिवशी मुगाच्या खिचडीवर ते तूप होतं, म्हणून आई पोटभर जेवल्या. आणखी एक, ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी सापडतात, तेव्हा भाजी-दूध शनिवारीच भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी आहे. ते डोंगरातून उतारानेच शहरात येतं आणि चवीला उत्तम आहे.

बुडापेस्टमध्ये मुलांना सेचेनीचे गरम पाण्याचे हौद आवडले. गळाभर पाण्यात उभं राहून लोक बुद्धिबळ खेळतात, आणि अण्णा एक अख्खा डाव संपेपर्यंत शेजारी उभे होते. पण त्याच शहरात संसदेजवळ डॅन्यूबच्या काठावर लोखंडी बुटांच्या साठ जोड्या ठेवलेल्या आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या फासिस्टांनी ज्यू माणसांना बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घातल्या, त्यांचं हे स्मारक. त्यांत लहान मुलांचेही बूट आहेत. मुलाने विचारलं, बूट का काढायला लावले? आम्ही तिथेच काठावर बसलो आणि त्याला समजेल तेवढं खरं सांगितलं. त्या काळात बुटांनासुद्धा किंमत होती, हेही सांगितलं. त्या दिवशी दुसरं काहीही बघायचं नाही असं मुलीनेच ठरवलं, आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. अशा ठिकाणी मुलांना नेत असाल तर पुढचे दोन-तीन तास मोकळे ठेवा, हे मी आवर्जून सांगते.

आता घर भाड्याने घेताना काय बघायचं तेवढं सांगते, कारण ज्येष्ठांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. लिफ्ट आहे का हे मालकाला लिहून विचारा. आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का हेही विचारा, कारण जुन्या इमारतींत लिफ्टपर्यंत पोहोचायलाच आठ-दहा पायऱ्या असू शकतात. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर एक उंच तळमजला, मग एक मधला मजला आणि मग कुठे पहिला मजला असा हिशोब अनेकदा असतो. जाहिरातीत दुसरा मजला लिहिलेला असला तरी पायऱ्या चौथ्या मजल्याएवढ्या निघू शकतात. ट्रामचा थांबा घरापासून पाच मिनिटांच्या आत हवा. न्हाणीघराचा फोटो मागवा, टबचा काठ किती उंच आहे ते दिसलं पाहिजे. आईंसाठी आम्ही टबऐवजी शॉवरची जागा असलेलं घर शोधलं. त्यासाठी शहराच्या मध्यापासून थोडं लांब राहिलो आणि भाडंही कमी पडलं.