ओव्यांची गीतमालिका बसवताना: पट्टी, सांधे आणि जातं

जात्यावरच्या ओव्या घेऊन संगीताच्या विद्यार्थ्यांबरोबर रंगमंचीय गीतमालिका करायची, तर मजकुराची चणचण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या पुढाकाराने जमलेल्या संग्रहातच लाखाहून जास्त ओव्या आहेत. बारा गाणारे, आठ-नऊ गाणी, पंचेचाळीस मिनिटं, एवढं पुरे. गाणी पटकन बसतात. अडतं ते दोन गाण्यांच्या मधे.

मुलं साधारण काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुराला सा मानून, मुली काळी चारच्या आसपास. दर गाण्याला पट्टी बदलली की तानपुरा जुळवा, तबला बदला, तोवर रंगमंचावर अंधार. अंधार झाला की टाळ्या पडणारच. चार वेळा असं झालं की मालिका संपली, उरला तो गाण्यांचा कार्यक्रम.

इथे मूर्च्छना कामाला येते, म्हणजे सूर तेच ठेवून त्यातल्या दुसऱ्याच सुराला सा मानणं. मुलांचं गाणं काळी एकमध्ये भूप रागात ठेवा आणि शेवटी त्यांना पंचमावर थांबवा. तो पंचम म्हणजे काळी चार, म्हणजेच मुलींचा षड्ज (सा), तोही त्याच सप्तकातला. त्याला सा मानून तेच पाच सूर लावले की दुर्गा राग होतो. पेटीवर काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. एकही सूर बदलत नाही. तबलाही काळी एकचाच चालतो, कारण आता तो मुलींचा मध्यम, आणि दुर्गात मध्यमाला वजन आहेच.

तरी मुली पहिल्या काही तालमींत हमखास भूपातच ओढल्या जातात, कारण कानात अजून काळी एकचा सा घुमत असतो. त्यावर दोन इलेक्ट्रॉनिक तानपुरे ठेवायचे: एक काळी एकमध्ये पंचमाचा, दुसरा काळी चारमध्ये मध्यमाचा. सूर दोन्हींत तेच, फक्त वजन वेगळं. मुलांचा पंचम चालू असतानाच दुसरा हळूहळू वर आणायचा, मग पहिला काढून घ्यायचा. ही अदलाबदल पंधरा-वीस सेकंद तरी चालू द्या. घाईत केली की प्रेक्षकाला धक्का बसतो.

खरं जातं आणाच. गाताना फिरवायला हलकं पडतं म्हणून थर्माकोलचं आणलं की हात खोटा फिरतो आणि लयही खोटी होते. लाकडी रंगमंचावर ते घुमतं, म्हणून खाली दुमडलेलं गोणपाट घाला. रिकामं फिरवू नका. तळ्या, म्हणजे जात्याचे दोन दगड, एकमेकींवर घासून कर्कश आवाज येतो आणि तो माइक आधी पकडतो. मूठभर जोंधळा पुरतो. वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालायला हात खुंट्यावरून निघाला की लय किंचित ढिली पडते. ती तशीच राहू द्या, तबलजीला त्या जागी थांबायला सांगा. संगीत विशारदच्या विद्यार्थ्यांना मात्र नेमकी हीच मोकळी जागा मुरकीने, सुरांच्या छोट्या झटपट वळणाने, भरावीशी वाटते. तालमीत बजावून ठेवा: तिथे फक्त जातं ऐकू येणार.

तबल्याचं शेवटचं. दिव्यांच्या उष्णतेने पुडी (तबल्याचं कातडं) ताणली जाऊन सूर चढतो, दमट हवेत उतरतो. प्रयोगाआधी अर्धा तास तबला दिवे लावलेल्या रंगमंचावरच ठेवा, मग सुरात मिळवा. आणि तबला मिळवायची हातोडी पेटीमागे, तबलजीचा हात पोचेल अशी.