घरच्या फोटोंचं २०२६ चं कॅलेंडर, आपल्या तिथीवालं

जुन्या फोटोंचं कॅलेंडर करणं आजकाल काही अवघड नाही, साइटवर बारा फोटो टाकायचे, पैसे भरायचे, आठवड्याभरात घरी येतं. पण ती कॅलेंडरं भिंतीवर टिकत नाहीत हो. त्यात चतुर्थी नसते, एकादशी नसते, चौकट एवढीशी की दूधवाल्याचा खाडा पण लिहिता येत नाही, मग होळीपर्यंत ते दाराआड जातं आणि खिळ्यावर परत कालनिर्णय. म्हणून ह्या वर्षी ठरवलं की आपलं कॅलेंडर आपणच मांडायचं, फोटो घरचे आणि तिथ्या पण घरच्या.

इंदूरमध्ये राहणाऱ्यांना तिथीची भानगड माहितीच आहे. आमच्याकडे कालनिर्णय पण असतं आणि जबलपूरचं लाला रामस्वरूप हे हिंदी पंचांग-कॅलेंडर पण. आपला महिना अमावस्येला संपतो, इकडच्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला, त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचं जमतं आणि वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना एक पुढे. रंगपंचमी आपली फाल्गुन वद्य पंचमी, त्यांची चैत्र कृष्ण पंचमी, दिवस तोच आणि गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी इंदूरची मिरवणूक, पण तीच, तिथे काही बिघडत नाही. पण आजीची तिथी कार्तिक वद्य दशमी. उद्या माझ्या मुलांनी हिंदी पंचांगात कार्तिक कृष्ण दशमी शोधली तर श्राद्ध एक महिना आधीच होईल! घरातल्या सगळ्यांच्या तिथ्या आत्याला माहीत, आईला थोड्या माहीत, माझ्या पिढीत कोणालाच नाही. त्या एकदा नीट छापल्या जाव्यात ही माझी खरी तळमळ होती.

फोटो निवडताना एकच नियम ठेवला, फोटो त्याच महिन्यातला हवा, नुसता छान आहे म्हणून घ्यायचा नाही. मार्चला गेरेचा, राजवाड्यासमोर काका आणि त्यांचे मित्र नखशिखांत रंगलेले आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे सगळा रंग करडाच, पण हसण्यावरून कळतं किती भिजलेत ते. मागे राजवाडा १९८४ च्या आगीआधीचा. सप्टेंबरला अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे कापड गिरण्यांच्या सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक, मिलच्या गाड्यांवरच्या लाइटी नुसत्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या आल्यात आणि बाबा कोणाच्या तरी खांद्यावर. आमच्या पिढीने मिलचे भोंगे ऐकलेत, मुलांना झांक्या तेवढ्या माहीत, म्हणून हा फोटो मला हवाच होता.

सगळ्यात मस्त जमलं ते मे-जूनचं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, आणि आत्याच्या लग्नानंतरचा पहिला अधिक, १९८८ चा, तो पण ज्येष्ठच होता. त्या धोंड्याच्या महिन्यातला फोटो आहे, आत्याचे यजमान पाटावर बसलेत, समोर चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि आजी पदर सावरत वाण देतेय. अनारशांवरची खसखस दिसते इतका तो फोटो स्वच्छ आहे. फक्त सगळा लालसर झालाय, त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो ना, मग उरलेला फोटो विटकरी दिसायला लागतो. वर तो चिकट पानांच्या अल्बममध्ये, पारदर्शक कागद आणि खाली पिवळा पडलेला गोंद. तसले फोटो ओढून काढू नका प्लीज, दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा मागून हळूहळू सरकवायचा, नाहीच निघाला तर पानासकट स्कॅन करायचा.

स्कॅनरला मी ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) ठेवलं कारण जुने फोटो छोटे असतात आणि ए-फोर साइजला ३०० डीपीआयने छापायचं तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. देवासच्या काकांकडे स्कॅनर नाही, त्यांना सांगितलं खिडकीजवळ पण ऊन थेट पडणार नाही असं ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो.

भाचा म्हणाला मावशी, एआयने कलर करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. केलं त्याने. आजीच्या लग्नातला शालू जांभळा करून दिला. आत्या लगेच म्हणाली, "अगं हिरवा होता तो, अजून माझ्या ट्रंकेत आहे!" मग मी ठाम नाही म्हटलं. डाग, ओरखडे काढावेत, लाली कमी करावी, पण नसलेला रंग भरू नये, आणि चेहरा तर अजिबात गुळगुळीत करू नये, आजीच्या कपाळावरचं गोंदण पुसलं गेलं तर ती आजी कशी राहील?

कव्हरवर पणजोबांचा पगडीतला फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. इंदूरला फोटोची हौस तशी जुनीच, लाला दीनदयाळ इथे सरकारी नोकरीत असतानाच १८७० च्या दशकात कॅमेऱ्याकडे वळले आणि तुकोजीराव होळकरांनी त्यांना पाठबळ दिलं. आमच्या पणजोबांचा फोटो कोणी काढला ते त्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाही, पण त्यांचं नाव मागे आजोबांच्या अक्षरात पेन्सिलने आहे. बाकीच्यांची नावं मी आत्याला विचारून तशीच मऊ पेन्सिलने लिहिली, पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. रामबागेतल्या ओट्यावरच्या एका फोटोत सात बायका आहेत, आत्याने सहा ओळखल्या. सातवी कोण हे कोणाला कळलं तर सांगा, फोटो ऑगस्टच्या पानावर आहे.

छापताना कागद मॅट घेतला, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि पेन घसरतं. वायरो बाइंडिंग, खाली मोठ्या चौकटी, वाढदिवस तारखेने आणि पुण्यतिथ्या आपल्या तिथीने, खाली बारीक अक्षरात हिंदी पंचांगाचा महिना पण दिलाय.

२०२७ साठी आईच्या माहेरचे, ग्वाल्हेरचे फोटो हवेत. मामा, अल्बम दिवाळीच्या आधी पाठवा, नंतर प्रेसवाल्यांकडे डायऱ्यांची गर्दी सुरू होते.